धुगधुगी

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास गोरेगावात कुठल्याही चिकनच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहावं. स्टेशनच्या पश्चिमेला टोपीवाला मार्केटच्या आसपास, नाहीतर पूर्वेला दिंडोशीच्या बाजूला, दृश्य तेच. जाळीच्या पिंजऱ्यात वीस-पंचवीस पांढऱ्या कोंबड्या, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा. तरी गिऱ्हाईक बोट दाखवून सांगतं, "ती नको, बसलीय ती. मागची द्या, उभी आहे ती." दुकानदार पंख धरून कोंबडी बाहेर काढतो, काट्यावर ठेवतो, सुरी फिरवतो आणि ड्रममध्ये सोडतो. आत थोडा वेळ फडफड होते. मग पुढच्याचा नंबर.

एवढ्या वेळात त्या गिऱ्हाइकाने, पिशवी सावरत आणि फोनवर बोलत, एका पशुवैद्यकाचं काम उरकलेलं असतं. देवनारचा कत्तलखाना १९७१ मध्ये सुरू झाला. तिथे बकरा कापण्याआधी डॉक्टरने बघायचा असतो, कापल्यावर त्याचं काळीज, फुप्फुसं, आतडी बघायची असतात आणि मगच मांसावर शिक्का बसतो. गल्लीतल्या दुकानात कापल्या जाणाऱ्या कोंबडीच्या वाट्याला हा डॉक्टर येत नाही. तिला शिक्का नाही, दाखला नाही. तिची तपासणी म्हणजे गिऱ्हाइकाचं बोट. उभी आहे का, डोळे उघडे आहेत का, मान ताठ आहे का, पिसं फुलवून कोपऱ्यात तर बसली नाही ना? पशुवैद्यकाच्या पुस्तकातही पहिल्या पानावर हेच प्रश्न असतात.

आता दुसरं दृश्य. गोरेगावातल्या निम्म्या घरांना गाव आहे, आणि गावाला खुराडं आहे. ऐन मे महिन्यात तिकडून फोन येतो. "काल संध्याकाळपर्यंत चांगली दाणे टिपत होती. सकाळी खुराडं उघडलं तर आडवी. अंगाला अजून ऊब आहे. टाकायची की शिजवायची?"

टाकायची. खरं तर पुरायची. पण ज्या बाईने सहा महिने दाणे घालून, घारीपासून आणि मुंगसापासून राखून ती गावठी कोंबडी वाढवली, तिला एवढ्या एका शब्दावर वाटेला लावणं बरोबर नाही. कोंबडी अंड्यावर होती. बाजारात तिची किंमत ब्रॉयलरच्या कितीतरी पट. शिवाय तिचा प्रश्न रास्त आहे: कापली तरी ती मरणारच होती, आपली आपण मेली तर एवढा काय फरक पडला? शेवटी अर्धा तास रटरट शिजणारच ना?

फरक असा की कापलेली कोंबडी कशाने मेली हे आपल्याला ठाऊक असतं. सुरीने मेली. आपसूक मेलेल्या कोंबडीबाबत तेवढंच ठाऊक नसतं. संशयितांची यादी मात्र लांबलचक आहे. उन्हाळा आहेच. कोंबडीला घाम येत नाही, अंगातली उष्णता ती चोच उघडी टाकून, धापा टाकून बाहेर काढते, आणि तिचं अंग मुळातच ४१-४२ अंश असतं. पत्र्याखाली हवा कोंडली की एका दुपारीत शेड आडवी होते. ब्रॉयलरच्या बाबतीत हृदय हा वेगळा घोटाळा आहे. चाळीस दिवसांत दोन-सव्वादोन किलो व्हायचं म्हणजे मांस पळतं आणि काळीज मागे राहतं. चांगला वाढलेला, खातापिता नर एकदम पंख फडफडवतो आणि पाठीवर पडतो, पाय वर. मग साप, उंदराचं औषध, शेतात फवारलेलं कीटकनाशक. आणि रोग.

रोगांतही काही असे की ते निरोप न धाडता येतात. कोंबड्यांचा कॉलरा त्यातला. आजाराची खूण दिसायच्या आधीच धष्टपुष्ट कोंबडी खुडूक बसल्या जागी मरून पडलेली सापडते. लुई पाश्चरने १८७९ ते १८८० च्या काळात याच रोगाच्या जंतूंवर काम केलं. जुनी पडलेली, जोर ओसरलेली पैदास टोचली तर कोंबड्या मरत नाहीत, उलट पुढच्या वेळी ताज्या जंतूंनाही दाद देत नाहीत, हे त्याला दिसलं. आजच्या लसींची वाट तिथून फुटली. सांगायचं एवढंच की "कालपर्यंत चांगली होती" हे वाक्य आपल्याला दिलासा वाटतं आणि पशुवैद्यकाच्या कानाला धोक्याची घंटा.

आपल्याकडे कोंबड्या पटापट मेल्या की पहिला शब्द तोंडात येतो तो मानमोडी. पुस्तकी नाव राणीखेत. कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला हा रोग १९२० च्या दशकात नोंदवला गेला. त्याच सुमारास इंग्लंडात न्यूकॅसलला तो दिसला होता, म्हणून इंग्रजीत त्याचं नाव न्यूकॅसलवरून. मराठीने गावाचं नाव घेतलं नाही, जे दिसलं ते घेतलं: कोंबडीची मान पिळवटते, पाठीमागे वळते. गंमत म्हणावी की दैव, १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही महाराष्ट्रातल्या खेड्यांनी मानमोडीच म्हटलं होतं. माणसाचा फ्लू आणि कोंबडीची राणीखेत हे दोन वेगळे विषाणू, पण भाषेने दोघांना एकाच दाव्याला बांधून ठेवलं. पुढे एकदा या शब्दाने महाराष्ट्राला चांगलाच चकवा दिला.

नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर हे गुजरातच्या वेशीवरचं गाव, आजूबाजूला पोल्ट्रीच पोल्ट्री. २००६ च्या सुरुवातीला तिथल्या शेडमध्ये मरतूक वाढली. मरतूक हा धंद्यातला शब्द. रोज सकाळी शेडमध्ये फिरून मेलेल्या कोंबड्या वेचायच्या आणि वहीत आकडा लिहायचा. थोडी मरतूक रोजचीच असते, तिचं कुणी मनावर घेत नाही. ती वाढली तेव्हा राणीखेत असेल असंच पुष्कळांनी धरलं, आणि मानमोडी ही तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीची. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी निदान जाहीर झालं: एच-५-एन-१, बर्ड फ्लू. कोंबड्यांमधला भारतातला तो पहिलाच. पुढच्या दिवसांत पांढरे झगे, गॉगल, मास्क घातलेली माणसं शेडमध्ये शिरली, लाखो कोंबड्या मारून पुरल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांत, घरच्या परसातल्या कोंबड्यांत तो निघाला. मुंबईत चिकनकडे कुणी बघेना, रेल्वेच्या जेवणातून चिकन गेलं, आणि पुढाऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर तंगडी तोडून खाऊन दाखवली.

तंगडी खाणारे पुढारी चूक नव्हते, हे आधी मान्य करू. बर्ड फ्लूचा विषाणू ७० अंशांच्या आचेला टिकत नाही, आणि आपला रस्सा उकळतो तो जवळजवळ शंभरावर. मराठी घरात कोंबडी अर्धी कच्ची खायची रीत नाही. नीट शिजलेलं चिकन खाऊन बर्ड फ्लू होत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मग मेलेल्या कोंबडीचं काय बिघडलं? तीही शिजवणारच आहोत.

इथे आपली नजर चुलीवर खिळते आणि चुलीपर्यंतची वाट दिसेनाशी होते. पातेल्यात पडण्याआधी कोंबडी कुणाच्या तरी हातात असते. पिसं उपटताना, गरम पाण्यात बुडवताना, पोट फाडताना, आतडी ओढताना विषाणू हातावर येतो, शिंतोड्यांबरोबर नाका-डोळ्यांत जातो. जगात बर्ड फ्लू झालेल्या माणसांचा मागोवा घेतला तर बऱ्याच ठिकाणी आजारी वा मेलेल्या कोंबडीशी असा जवळचा संबंध सापडतो. हाँगकाँगला १९९७ मध्ये १८ जणांना लागण झाली, ६ गेले. वाट जिवंत कोंबड्यांच्या बाजारातून आली होती. जानेवारी २००६ मध्ये, म्हणजे नवापूरच्या जेमतेम महिनाभर आधी, तुर्कस्तानच्या पूर्व टोकाला दोउबायझित गावात एकाच घरातली तीन मुलं दगावली. घरच्या कोंबड्या आजारी पडल्या होत्या आणि मुलं त्यांच्या अगदी जवळ वावरली होती. आपल्याकडे २०१९ मध्ये मेळघाटातल्या सतरा महिन्यांच्या मुलामध्ये एच-९-एन-२ हा कोंबड्यांचाच दुसरा, सौम्य फ्लू सापडला. देशातली माणसातली ती पहिली नोंद, मूल बरं झालं. जुलै २०२१ मध्ये हरियाणातला अकरा वर्षांचा मुलगा दिल्लीत एच-५-एन-१ ने गेला.

म्हणजे मेलेली कोंबडी "खायची का" या प्रश्नाआधी "सोलायची कुणी" हा प्रश्न येतो. जेवायला बसणाऱ्यापेक्षा विळी घेऊन बसणारी जास्त धोक्यात, आणि बहुतेक घरांत ती कोण असते हे सांगायला नको.

न शिजवता खाणाऱ्यांचं काय होतं ते वाघांनी दाखवलं आहे. थायलंडमधल्या सिराचाच्या व्याघ्र-उद्यानात २००४ मध्ये वाघांना कच्च्या कोंबड्या घातल्या गेल्या आणि सुमारे दीडशे वाघ मेले किंवा मारावे लागले. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. तपासणीत एच-५-एन-१ निघाला. मेलेली कोंबडी "आपण नको, निदान कुत्र्याला तरी होईल" म्हणून उकिरड्यावर भिरकावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. मांजराला तर हा फ्लू विशेष बाधतो.

पण बर्ड फ्लू बाजूला ठेवू. समजा आपली खुराड्यातली कोंबडी उन्हाने मेली, तिला कुठलाच रोग नव्हता. तरी दोन गोष्टी उरतात: रक्त आणि वेळ.

कोंबडीच्या वजनाच्या सात-आठ टक्के रक्त असतं. दोन किलोच्या कोंबडीत दीडशे मिलीलिटर धरा. काळीज चालू असताना मान कापली तर त्यातलं अर्ध्याच्या आसपास बाहेर पडतं. ड्रममधल्या फडफडीचा तेवढा उपयोग. काळीज थांबल्यावर सुरी फिरवली तर थोडं ओघळतं आणि थांबतं. उरलेलं जिथल्या तिथे, ज्या कुशीवर पडली त्या बाजूला साकळतं. ओल्या, कोमट, पोषक रक्तासारखी जंतूंना दुसरी पंगत नाही. त्यात पोट भरलेलं. जिवंत कोंबडीच्या आतड्याची भिंत आतले जंतू आत ठेवते; जीव गेला की तो पहारा उठतो. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, क्लॉस्ट्रिडियम ही मंडळी कोंबडीच्या पोटात एरवीही असतात, त्यांना आता सगळं घर मोकळं.

वेळेचा हिशोब शाळकरी आहे. अनुकूल उबेत एक जंतू वीस मिनिटांत दोन होतो. तासात आठ. रात्री दहाला मेलेली कोंबडी सकाळी सहाला सापडली तर आठ तासांत चोवीस दुपटी: एकाचे एक कोटी सदुसष्ट लाखांवर. प्रत्यक्षात सगळे जंतू इतक्या शिस्तीत वाढत नाहीत, पण काही याहूनही घाईचे असतात. म्हणून "अजून ऊब आहे" ही जमेची बाजू नव्हे. ४१ अंशांवर असलेलं, पिसांत गुंडाळलेलं अंग मुंबई-कोकणच्या मे महिन्याच्या रात्री निवायला वेळ घेतं, आणि तेवढा वेळ ते जंतूंचं उबवणी यंत्र असतं.

यावरही चूल हे उत्तर नाही. उकळल्यावर जंतू मरतात, पण काहींचं मागे ठेवलेलं विष मरत नाही. स्टॅफिलोकॉकसचं विष उकळीला दाद देत नाही. क्लॉस्ट्रिडियमची बीजं उकळी सोसून जगतात आणि मोठ्या पातेल्यातला रस्सा रात्रभर ओट्यावर हळूहळू निवत राहिला की पुन्हा अंकुरतात. उंदराचं औषध, कीटकनाशक यांना उकळीचं भय नाही. आणि कोंबडी चार दिवस सुस्त होती म्हणून तिला कुणी पाण्यातून प्रतिजैविक पाजलं असेल, तर औषध दिल्यापासून मांस खाईपर्यंत ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात. मेलेल्या कोंबडीने ते दिवस पुरे केलेले नसतात.

कोंबडी नक्की कशाने मेली हे कळायचं असेल तर तिचं शवविच्छेदन करायला हवं. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यापुढे मेलेली कोंबडी येते ती प्रश्नपत्रिका म्हणून. गोरेगावकरांना हे शास्त्र लांबचं नाही. परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासूनचं, आणि त्याचा एक परिसर आरेमध्ये आहे. आरेतच केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संघटनेचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. ज्या शहराला हे सगळं हाताशी आहे त्याने कोंबडीच्या मरणाचं कारण रश्श्याच्या चवीवरून ठरवू नये.

आता या प्रकरणाला नाव देणारा शब्द. गावात मेलेली कोंबडी सरसकट खात नाहीत. तिथला नियम जास्त बारीक आहे: धुगधुगी होती तोवर कापली. कोंबडी मान टाकतेय, डोळे मिटतेय असं दिसलं की धावत जाऊन सुरी फिरवायची, म्हणजे ती "मेली" नाही, "कापली". मुंगसाने झडप घातली, कुत्र्याने धरली, झाडाची फांदी पडली अशा वेळी हा नियम शहाणपणाचाच आहे. कारण डोळ्यांदेखत घडलेलं आहे, कोंबडी घटकेपूर्वी धडधाकट होती, काळीज चालू आहे, रक्त वाहणार आहे. पण आजाराने मान टाकणाऱ्या कोंबडीला हाच नियम लावला की तो उलटा फिरतो. मरणाच्या दारातल्या कोंबडीच्या अंगात विषाणू शिगेला पोहोचलेला असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण तिला फडफडायला लावून रक्ताचे शिंतोडे उडवतो. आपसूक मेलेली कोंबडी थंड तरी पडलेली असते. धुगधुगी असलेली आजारी कोंबडी माणसाला सर्वांत वाईट. सुरीने तिच्या मरणाचं नाव बदलतं, आजार तसाच राहतो.

धर्मांनी या बाबतीत सूक्ष्मदर्शकाची वाट पाहिली नाही. आपसूक मेलेलं जनावर इस्लामला वर्ज्य. मुंबईच्या दुकानांत त्याला मुर्दार म्हणतात. यहुद्यांच्या धर्मशास्त्रातही तेच, आणि रायगडातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल कुटुंबांच्या स्वयंपाकघरातही तेच आलं. गोरेगावचं हिंदू गिऱ्हाईक हलाल दुकानातून कोंबडी घेतं तेव्हा, त्याला पटो न पटो, या मुर्दारच्या नियमाचा फायदा त्यालाही मिळतो. देवाला द्यायचा कोंबडाही आजारी, लंगडा चालत नाही. माणसाला चालेल का, हे मात्र पुष्कळदा तो माणूस कोण यावर ठरलं.

महाराष्ट्रात मेलेल्या जनावराच्या मांसाचा इतिहास कोंबडीचा नाही, गुराढोरांचा आहे, आणि तो आवडीचा नाही. गावातलं मेलेलं ढोर ओढून नेणं हे महारांवर लादलेलं काम होतं आणि त्याचं मांस हा त्या कामाचा मोबदला. लोकांनी त्यातही आपली अक्कल वापरली. पातळ पट्ट्या कापून, उन्हात खडखडीत वाळवून चान्या केल्या. ओल गेली की जंतू वाढत नाहीत, हे पुस्तकात वाचायची गरज पडली नाही. मराठवाड्यातल्या अशा खाण्याची नोंद शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात आहे. पण जनावर काळपुळीने मेलेलं असेल तर ते सोलणाऱ्या हातांनाच आधी रोग लागे, आणि ते कशाने मेलं हे विचारायचा हक्क सोलणाऱ्याला नव्हता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस खाणं सोडा असं आवाहन केलं. त्यात आरोग्याचा मुद्दा होता तर तो दुय्यम. तो स्वाभिमानाचा प्रश्न होता. गावाने टाकलेलं आम्ही का उचलायचं, हा. मेलेली कोंबडी "कामवालीला देऊ, ती खाते" असं आजही सहज बोललं जातं, तेव्हा महाड फार मागे गेलेलं नाही असं वाटतं.

धंद्याचं गणित याहून रोकडं आहे. पुणे, नाशिक, रायगडकडून क्रेटमध्ये कोंबलेल्या कोंबड्या रात्रीच्या टेम्पोने मुंबईत येतात. ऊन, दाटी, वाहतूक कोंडी. काही गाडीतच मरतात. थंडीत थोड्या, एप्रिल-मेमध्ये जास्त. दुकानदाराने त्यांचे पैसे मोजलेले असतील तर त्या फेकताना हात जड होणारच. शेतकऱ्याचीही तीच कथा. बर्ड फ्लू निघाला तर एक किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या सरकार मारते आणि भरपाई देते. २०२१ मध्ये ती मोठ्या ब्रॉयलरला ७० रुपये आणि अंड्यावरच्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये होती. ही भरपाई सरकारने मारलेल्या कोंबडीची. त्याआधी आपणहून मेलेल्या कोंबडीला शून्य. जो शेतकरी पहिल्या दिवशी कळवतो तो फायद्यात, जो आठवडाभर वाट बघतो त्याची शेड फुकट जाते. कागदावर हे शहाणपणाचं आहे. पण पहिल्या दिवशी ती मरतूकच वाटते, नाहीतर मानमोडी. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात दोनेक दिवसांत शेकडो कोंबड्या मेल्या तेव्हा कुठे ओरड झाली; निदान झालं त्याच सुमारास मुंबईतल्या मेलेल्या कावळ्यांतही तोच विषाणू निघाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला. जानेवारी २०२५ मध्ये उरणजवळ चिरनेरला. गोरेगावहून पाहिलं तर वर्तुळ हळूहळू जवळ येतंय.

कायदा या बाबतीत सरळ आहे. नवापूरच्याच वर्षी झालेल्या २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात सडका, कुजका किंवा रोगट प्राणिज पदार्थ असलेलं अन्न "असुरक्षित" ठरतं आणि ते विकणं गुन्हा. पण कापून, सोलून, तुकडे करून बर्फावर ठेवलेल्या चिकनकडे बघून ते कसं मेलं हे कुणाला सांगता येईल? थोडं येतं. नीट रक्त गेलेल्या कोंबडीची कातडी फिकट, पिवळसर-गुलाबी असते. न गेलेलीची मान, पंखांची टोकं, मांडीची आतली बाजू लाल-जांभळी दिसते, शिरा भरलेल्या असतात, काळीज काळपट. एका कुशीला गडद आणि दुसरीला फिकट असेल तर ती त्या कुशीवर पडून होती. पोटाच्या बाजूला हिरवट झाक असेल तर बोलायलाच नको. तुकडे झाले, मसाला चोळला, लाल रंग लागला की हे सगळं पुसलं जातं. म्हणून अखंड कोंबडी घेणाऱ्याला जी माहिती फुकट मिळते, ती तयार तंदुरीवाल्याच्या गिऱ्हाइकाला पैसे देऊनही मिळत नाही.

आणि नीट कापलेली कोंबडीही पुढे बिघडू शकते, हे गोरेगावने अनुभवलेलं आहे. एप्रिल २०२४ च्या अखेरीस पूर्वेच्या संतोषनगर भागात चिकन शोरमा खाल्ल्यावर बाराएक जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. पुढच्याच आठवड्यात मानखुर्दच्या बाजूला रस्त्यावरचा शोरमा खाल्ल्यावर एकोणीस वर्षांचा मुलगा दगावला. तिथे कोंबडी कशी मेली हा प्रश्न नव्हता. शोरम्याचा सुळका बाहेरून भाजत जातो आणि आत तासन्‌तास कोमट राहतो, आणि ५ ते ६० अंशांच्या मधली ती ऊब जंतूंना मानवते. खुराड्यातल्या मेलेल्या कोंबडीत जे आठ तास चालतं तेच इथे सुळक्याच्या गाभ्यात चालू असतं.

मग मेलेलीचं करायचं काय? गावात हाताला पिशवी बांधून, तोंडावर फडकं घेऊन खोल खड्ड्यात पुरावी, वर चुना टाकावा, खुराडं धुवावं आणि हात साबणाने. एकापाठोपाठ दोन-चार मेल्या तर पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर कळवावं. मुंबईत मरून पडलेले पक्षी दिसले तर पालिकेचा १९१६ आहे. एवढं सोपं आहे, आणि एवढंच केलं जात नाही.

कारण मेलेली कोंबडी शहरात बहुधा पुरली जात नाही. दुकान बंद होताना पिसं, आतडी, पाय, मुंड्या यांच्या पिंपात तीही जाते, आणि पहाटे पिंप उचलायला टेम्पो येतो. त्यातलं काही डंपिंगला जातं, काहीचं खाद्य होतं. आणि काही मुंबईच्या आसपासच्या तळ्यांत पडतं, जिथे आफ्रिकन मांगूर पोसला जातो. हा मासा काहीही खातो, गढूळ पाण्यात जगतो, भराभर वाढतो. त्याच्या पैदाशीवर केंद्राने २००० सालीच बंदी घातली, हरित लवादाने २०१९ मध्ये ती पुन्हा बजावली, आणि त्यानंतरही राज्यात टनावारी मांगूर पकडून नष्ट करावा लागला. न पकडलेला बाजारात येतो. टबात वळवळत असतो, अगदी जिवंत, आणि गिऱ्हाईक बोट दाखवून सांगतं, "तो द्या, हलतोय तो."